५ किमी, साडेबावीस मिनिटांच्या आत: दहा आठवड्यांच्या नोंदी

शर्यत: पुण्यात औंधमधली स्थानिक ५ किमी, रविवार २ फेब्रुवारी २०२५, सुटण्याची वेळ सकाळी ७. मार्ग जाऊन-येऊन, मध्ये एक वळसा. धावक: वय ३६, वजन ६४ किलो, दोन वर्षांपासून आठवड्याला ३२ ते ३५ किमीची सवय, आजवरची सर्वोत्तम वेळ २३:४०. लक्ष्य २२:३०. म्हणजे किलोमीटर ४:४४ ऐवजी ४:३० मध्ये, आणि ट्रॅकवर फेरी १:४८ मध्ये. एक जण पळणार, दुसरा घड्याळ, शिट्टी आणि वही सांभाळणार.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. पहिली चाचणी

४०० मीटरच्या ट्रॅकवर ३ किमी, पूर्ण जोर लावून. पाचऐवजी तीन घेण्याचं कारण साधं: जीव तोडून पळलेले ५ किमी पायांतून उतरायला आठवडा घेतात, ३ किमी दोन-तीन दिवसांत उतरतात. साडेसात फेऱ्या होतात, म्हणून सुरुवात समोरच्या बाजूच्या २०० मीटरच्या खुणेपासून केली, शेवट नेहमीच्या रेषेवर.

वेळ १३:४८. किलोमीटर ४:२४, ४:४०, ४:४४.

एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढणारं पीट रीगल यांचं सूत्र लावलं: अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात. ३ वरून ५ किमीसाठी गुणक १.७१८५ येतो. ८२८ सेकंद गुणिले तो, म्हणजे २३:४३. जुन्या सर्वोत्तम वेळेशी जवळजवळ जुळतं, तेव्हा चाचणी विश्वासाची. याच हिशोबाने २२:३० साठी ३ किमी १३:०५ च्या आसपास यायला हवेत.

दम कमी आहे असं या आकड्यांत दिसत नाही. पहिला किलोमीटर झेपणाऱ्या वेगापेक्षा १२ सेकंदांनी जलद गेला आणि पुढच्या दोन किलोमीटरांनी ते वसूल केलं. ३ किमीत हे निभावतं. ५ किमीत अशी सुरुवात केली की तिसऱ्या किलोमीटरला पाय शिसे होतात.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आठवड्याची मांडणी ठरवली. मंगळवारी वेग, शुक्रवारी टेम्पो (शर्यतीपेक्षा थोड्या मंद, एकसारख्या वेगाची धाव), रविवारी लाँग रन (१० ते १३ किमी), बुधवारी आणि शनिवारी हलकी धाव किलोमीटरला ६:०० ते ६:३० ने, सोमवारी आणि गुरुवारी सुट्टी किंवा व्यायाम. एकूण ३६ किमीपासून ४८ पर्यंत, दर चौथ्या आठवड्याला कपात.

हलकी धाव खरोखर हलकी हवी. ५:३० ने पळून घाम गाळल्याचं समाधान मिळतं, पण मंगळवारी पाय कामाला येत नाहीत. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हीच कसोटी.

आज एआरएआय टेकडीच्या चढावर २०० मीटरचे ८ चढ, उतरताना चालत. वेग मोजला नाही. वेगाचा पहिला दिवस चढावर घालवायचं कारण असं की जोर पूर्ण लागतो, पण पाऊल आपटण्याचा दणका सपाटीपेक्षा कमी बसतो.

३ डिसेंबर, मंगळवार. १२ × ४००

ठरलेली वेळ १:५०, मध्ये २०० मीटर हळू धाव, सुमारे ७५ ते ८० सेकंद.

पहिल्या चार फेऱ्या १:४४, १:४५, १:४५, १:४६. शेवटच्या तीन १:५३, १:५५, १:५५. वर्कआउट फसला. सरासरी काढली तर वहीत १:५० च दिसते, म्हणून सरासरीवर जाऊ नये. सुरुवातीच्या चार फेऱ्यांत शरीर वेगळ्याच कामाला जुंपलं गेलं, शेवटच्या तीन हव्या त्या वेगाच्या निघाल्याच नाहीत.

उपाय: घड्याळ धरणारा २०० मीटरच्या खुणेवर उभा राहील आणि ५५ व्या सेकंदाला शिट्टी देईल. शिट्टीआधी खूण ओलांडली तर उरलेली अर्धी फेरी मुद्दाम मंद. मनगटावरच्या घड्याळाचा चालू वेग ट्रॅकवर बघायचा नाही. वळणांवर जीपीएस गोंधळतं आणि आकडा पाच-सात सेकंद मागे-पुढे नाचतो. फक्त लॅपचं बटण.

आणखी एक: पहिल्या लेनमध्येच पळायचं. दुसऱ्या लेनमध्ये एका फेरीला सुमारे ७ मीटर जास्त पडतात, म्हणजे या वेगाला जवळजवळ दोन सेकंद. चालायला आलेली मंडळी पहिल्या लेनमध्ये असतील तर "लेन" असं दुरून म्हणायचं, पाठीमागे जाऊन ओरडायचं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

टेम्पो, २ × १० मिनिटं, ५:०० ने, मध्ये २ मिनिटं हळू धाव. सगळं जमलं. टेम्पोचा वेग ५ किमीच्या सध्याच्या वेगापेक्षा किलोमीटरला १५ ते २० सेकंदांनी मंद. तीन-चार शब्द बोलता येतात, वाक्य नाही. इथे जोर करून ४:५० ने पळणं ही नेहमीची चूक. अंगावर भार इंटरव्हलचा (मध्ये उसंत घेऊन केलेल्या जलद फेऱ्यांचा) पडतो आणि फायदा ना टेम्पोचा ना इंटरव्हलचा.

१० डिसेंबर, मंगळवार

५ × ८००, ठरलेली वेळ ३:४०, मध्ये २:१५. आले ३:४०, ३:३९, ३:४०, ३:४०, ३:३८. शिट्टीचा गुण.

१७ डिसेंबर, मंगळवार. पोटरी

वर्कआउट मध्येच थांबवला. ६ × ८०० पैकी दोन झाले, तिसऱ्यात डावी पोटरी खालच्या बाजूला आखडली. दाबल्यावर एका बिंदूवर झोंबत नाही, सगळीकडे ताठ वाटते. टाचेवर चालता येतं, चवड्यावर उभं राहिल्यावर ओढ जाणवते. एका जागी कळ असती किंवा नडगीच्या हाडावर बोट ठेवताच दुखलं असतं, तर पळणं बंद आणि डॉक्टरकडे.

कारणं दोन. नवे हलके बूट गेल्या आठवड्यात थेट वेगाच्या दिवशी घातले. त्यांची टाच रोजच्या बुटांपेक्षा ४ मिमी खाली आहे, तेवढा ताण पोटरीवर सरकतो. दुसरं, थंडी. पहाटे पारा १२ च्या आसपास आणि वॉर्म-अप फक्त ८ मिनिटांचा.

बदल: चार दिवस फक्त हलकी धाव, तीही जुन्या बुटांत. वॉर्म-अप १५ मिनिटं, पहिली १० मिनिटं अंगात स्वेटशर्ट ठेवून. हलके बूट आधी दोन हलक्या धावांत ४-४ किमी, मगच ट्रॅकवर. सोमवारी आणि गुरुवारी पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा उचलायच्या: गुडघा सरळ ठेवून ३ × १२, गुडघा वाकवून ३ × १२, एका वेळी एक पाय, खाली येताना तीन सेकंद. गुडघा वाकवलेला प्रकार बहुतेक जण गाळतात, पण पळताना सर्वांत जास्त भार घेणारा पोटरीचा खोल स्नायू त्यानेच तयार होतो.

हलक्या बुटांचा आग्रह का? बुटामागे १०० ग्रॅम वाढले की पळण्याचा ऊर्जाखर्च साधारण १ टक्क्याने वाढतो. इथे फरक ८० ग्रॅमचा आहे. बावीस मिनिटांत १ टक्का म्हणजे १३ सेकंद, अर्थात ऊर्जेतली बचत सगळीच्या सगळी वेळेत उतरत नाही. निम्मी उतरली तरी बूट घरी ठेवण्यात अर्थ नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

पोटरी शांत. ५ × १००० प्रथमच, ४:३५ ने, मध्ये २:३० हळू धाव. आले ४:३५, ४:३५, ४:३४, ४:३६, ४:३४. रस्त्याकडेच्या शेकोट्यांचा धूर सहाच्या सुमाराला सर्वांत दाट असतो. ट्रॅकवर जाताना वॉर्म-अप गल्लीतून, मुख्य रस्त्याने नाही.

२९ डिसेंबर, रविवार. मार्ग मोजला

या प्रकल्पातलं सर्वांत उपयोगी काम आज झालं आणि ते पळण्याचं नव्हतं.

शर्यतीचा मार्ग प्रमाणित नाही, फोनच्या ॲपवर आखलेला आहे. वेळेला अर्थ यायचा तर अंतर खरं हवं. मोठमोठ्या शर्यतींनाही हे चुकलेलं नाही. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये आल्बर्तो सालाझारची २:०८:१३ ही वेळ जागतिक विक्रम म्हणून गाजली, पुढे मोजल्यावर मार्ग सुमारे १४८ मीटर कमी निघाला.

अधिकृत मापक सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारा जोन्स काउंटर लावतात. तो नव्हता, म्हणून रोड सायकलच्या पुढच्या चाकाला चुंबक आणि फेरे मोजणारा साधा पाच आकडी गणक लावला. अर्धवट फेरा व्हॉल्व्हपासून स्पोक मोजून काढायचा. चाकाला ३६ स्पोक, म्हणजे एका स्पोकला जवळजवळ ६ सेंटिमीटर.

आधी मापपट्टा, म्हणजे चाकाचा एक फेरा किती मीटरचा हे काढायला नेमका मोजलेला रस्त्याचा तुकडा. सरळ, सपाट, रहदारी नसलेल्या रस्त्यावर ३० मीटरच्या पोलादी फितीने १० वेळा, ३०० मीटर, दोन्ही टोकांना रस्त्यात खिळा. फीत २० अंशाला बरोबर असते. सकाळी १३ अंश होते, फरक ३०० मीटरमागे अडीच सेंटिमीटर येतो, सोडून दिला. हवा पूर्ण भरून, नेहमीचंच वजन अंगावर घेऊन, चार वेळा पट्टा पार केला: सरासरी १४२ फेरे ३० स्पोक. मार्ग मोजून झाल्यावर, उन्हं वर आल्यावर, पुन्हा चार वेळा: १४२ फेरे २८ स्पोक. टायर तापून किंचित फुगतो, म्हणून फेरे कमी. दोन्हींची सरासरी धरली तर एका फेऱ्याला २.१००८ मीटर.

मार्गावर सायकल सर्वांत जवळच्या रेषेने न्यायची, कडेपासून ३० सेंटिमीटरवर, वळणाच्या आतल्या कोपऱ्यातून पुढच्या आतल्या कोपऱ्याकडे सरळ. इथे अर्धी भानगड आहे: धावकांना पूर्ण रस्ता मोकळा असणार की डावी बाजूच? पूर्ण रुंदी धरून मोजलं आणि शर्यत अर्ध्याच रस्त्यात झाली तर मार्ग लांब भरतो, उलट केलं तर कमी. आयोजकांकडून विचारून घेतलं, डावी बाजूच. लावलेल्या गाड्यांना वळसा घालताना पुढचं चाक शक्यतो लवकर रेषेवर आणायचं आणि ती जागा टिपून ठेवायची.

निकाल: २३६५ फेरे १८ स्पोक. ४९६९ मीटर.

प्रमाणित मार्गात किलोमीटरमागे १ मीटर जादा धरायचा असतो, मोजण्यातली बारीक चूक मार्ग आखूड करू नये म्हणून. म्हणजे हवेत ५००५. तूट ३६ मीटर, जाऊन-येऊन असल्याने वळसा १८ मीटर पुढे. ४:३० च्या वेगाला ३६ मीटर म्हणजे जवळजवळ १० सेकंद. ७० सेकंदांच्या सुधारणेतले १० फुकटचे असते तर सगळी वहीच खोटी.

आयोजकांना आकडे आणि वळशाच्या नव्या जागेचा फोटो पाठवला, शेजारच्या विजेच्या खांबाच्या क्रमांकासह. त्यांनी मान्य केलं. १ आणि २ किमीच्या खुणा सुरुवातीपासून मोजून, ३ आणि ४ च्या शेवटाकडून उलट मोजून, फुटपाथच्या कडेवर ऑइल पेंटने.

चढही टिपला: १.२ ते १.९ किमीमध्ये ६ मीटर, परतताना तोच उतार. चढाचा ढोबळ हिशोब असा की १ टक्का चढाला किलोमीटरमागे ७-८ सेकंद जातात, उतारावर त्यातले निम्मेच परत मिळतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

दुसरी ३ किमी चाचणी. १३:१६. किलोमीटर ४:२५, ४:२७, ४:२४. सूत्राने ५ किमी २२:४८. अजून १८ सेकंद हवेत. नोव्हेंबरपासून ३२ सेकंद कमी झाले. त्यातले किती दमाचे आणि किती वेग आवरण्याचे हे वेगळं काढता येत नाही, पण शेवटचा किलोमीटर सर्वांत जलद आला आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

५ × १०००, मध्ये २:०० हळू धाव. ४:२९, ४:३०, ४:३०, ४:३१, ४:२८. हाच लक्ष्याचा वर्कआउट होता. सहावा पळावासा वाटत होता, पळला नाही. संक्रांत, तिळगूळ घरी गेल्यावर.

१९ जानेवारी, रविवार

१२ किमी हलके. पुण्यातले निम्मे धावक आज मुंबई मॅरेथॉनला, टेकडीवर शुकशुकाट.

२१ जानेवारी, मंगळवार

३ × १६००, ७:१२ ने, मध्ये ३ मिनिटं. ७:१२, ७:१३, ७:११. तिसऱ्या १६०० च्या शेवटच्या फेरीत खांदे कानाकडे चढतात आणि मुठी आवळतात. घड्याळवाल्याने त्या क्षणी "हात" एवढंच ओरडायचं ठरलं.

यानंतर नवीन दम कमावता येत नाही. पुढच्या बारा दिवसांत अंतर कमी, वेग तोच.

२६ जानेवारी, रविवार. मार्गावर तालीम

शर्यतीच्याच वेळी, ७ वाजता, त्याच बुटांत. १५ मिनिटं वॉर्म-अप, ८० मीटरच्या ४ स्ट्राइड (छोट्या जलद धावा), मग सुरुवातीपासून २ किमी शर्यतीच्या वेगाने, पुढे हळू. सुरुवातीपासून ३०० मीटरवर एक स्पीड ब्रेकर, तो उडी मारून नाही, आखूड पावलाने ओलांडायचा. परतीचं तोंड पूर्वेला आणि सूर्य तेव्हा नुकता उगवलेला, थेट डोळ्यांत. शेवटच्या किलोमीटरची खूणही दिसत नाही. टोपी लागणार.

घड्याळाने मोजलेल्या रेषेवरही अंतर १ टक्का जास्त दाखवलं. शर्यतीत ते ५.०५ च्या आसपास भरेल, म्हणजे खऱ्या ४:३० ला घड्याळ ४:२७ दाखवणार. ऑटो लॅप बंद, लॅपचं बटण रंगवलेल्या खुणांवरच दाबायचं. शर्यतीत घड्याळाच्या भरवशावर ४:३० धरून पळालेला माणूस २२:४४ ला पोचतो आणि मार्ग लांब होता म्हणतो.

नियोजन: ४:२८, ४:३४ (चढ), ४:३१ (वळशाचे २-३ सेकंद), ४:२९, ४:२८.

२८ जानेवारी, मंगळवार

४ × ४००, १:४६, मध्ये पूर्ण ४०० मीटर हळू. बस्स.

१ फेब्रुवारी, शनिवार

काल २० मिनिटं हळू आणि ४ स्ट्राइड, आज फक्त चालणं. बिब (अंगावर लावायचा क्रमांक) आणि वेळ मोजणारी चिप घेतली. बिबला चार पिना, दोन लावल्या की तो पोटावर फडफडत राहतो. चिप बिबच्या मागेच आहे, घडी घालायची नाही.

रात्री वरण-भात, दही. उसळ, मिसळ, कच्ची कोशिंबीर नाही. बावीस मिनिटांना स्नायूंतला साखरेचा साठा पुरून उरतो, त्यामुळे एनर्जी जेलची गरज नाही आणि भाताचा डोंगर रचायचीही नाही. पहाटे ५ ला एक केळं आणि दोन ब्रेड, पाणी ३०० मिली. कॉफी ६ वाजता. कॅफिनचा उपयोग वजनाच्या किलोमागे ३ मिग्रॅच्या आसपास दिसतो, इथे १९० मिग्रॅ. अर्धा कप चहाने ते भागत नाही. २१ जानेवारीला हाच डोस घेऊन पळून पाहिलं होतं. ज्याने आधी घेतलेला नाही त्याने शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा घेऊ नये, पोट धावेल.

२ फेब्रुवारी, रविवार. शर्यत

६:१५ ला १५ मिनिटं हळू धाव, ६:४० ला स्ट्राइड, ६:५० ला रांगेत. पुढून तिसरी-चौथी ओळ. पहिल्या ओळीत दर वर्षीप्रमाणे शाळकरी मुलं. ती २०० मीटर उधळतात आणि एकदम थांबतात, त्यांच्या थेट मागे उभं राहायचं नाही.

किलोमीटर ४:२८, ४:३३, ४:३२, ४:३१, ४:२४. एकूण २२:२८.

पहिले ४०० मीटर १:४५. तीन सेकंद जलद, ते पुढच्या ६०० मध्ये आवरले. ३ ते ४ किमीत उतार असूनही ठरल्यापेक्षा २ सेकंद गेले: समोरचा गट फुटला आणि सुमारे ४०० मीटर एकट्याने पळावं लागलं. गट सोडताना पुढच्या माणसामागे पोचायला २० मीटरचं अंतर एकदम कापायचं नाही, ते दीडशे-दोनशे मीटरमध्ये कापायचं. हे नीट केलं, म्हणून शेवटचा किलोमीटर उरला.

वळशाला शंकूच्या ५० सेंटिमीटरवरून, दोन आखूड पावलं आधीच घेऊन.

बंदुकीपासूनची वेळ २२:३३, चिपची २२:२८. रेषेपर्यंत पोचायला ५ सेकंद लागले. आयोजकांनी क्रमांक बंदुकीच्या वेळेवर लावले, स्वतःच्या सर्वोत्तम वेळेसाठी आपण चिपची धरतो. घड्याळात अंतर ५.०४.

३ फेब्रुवारी, सोमवार

पोटऱ्या जड, जिना उतरताना मांड्या बोलतात. पाच दिवस फक्त हलकी धाव, पहिला वेगाचा दिवस ११ तारखेला.

आज सकाळी सायकल पुन्हा त्या मार्गावर नेली. शंकू ठरलेल्या खांबाजवळच होता का, हे शर्यतीच्या गडबडीत पाहायचं राहिलं होतं. रस्त्यावर आयोजकांच्या खडूचा गोल अजून आहे: ठरलेल्या जागेपासून ४० सेंटिमीटर पलीकडे, म्हणजे मार्ग ८० सेंटिमीटर लांबच भरला. जुन्या वळशावर हीच धाव २२:१८ ची दिसली असती. वहीत २२:२८ लिहिलं.